यंत्रनगरीची लेखिका

भालकीला किंवा आळंदला राहणारी एखादी आजी सांजवात झाल्यावर नातवाने पाठविलेला टेलिफोन हाती घेते, त्याच्या काचेवर बोट फिरविते, आणि सातासमुद्रांपलीकडचा नातू समोर हसताना तिला दिसतो. या गोष्टीचे आता घरात कोणालाच नवल उरलेले नाही. परंतु माणसाचा आवाजच नव्हे तर चेहराही तारेवरून येईल, आणि मालक आपल्या उंच मनोऱ्यात बसून तळघरातल्या मुकादमाला भिंतीवरच्या पडद्यात पाहून हुकूम सोडील, असा प्रसंग १९२७ सालीच एका जर्मन चित्रपटात दाखविला गेला होता. मौज अशी, की तो चित्रपटच मुका होता. त्याचे नाव ‘मेट्रोपोलिस’. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचे नाव जगाने लक्षात ठेवले. ज्या बाईंनी ती यंत्रनगरी आधी कागदावर उभी केली त्यांचे नाव मात्र जाणकारांच्या बैठकीपुरतेच राहिले. त्या बाई म्हणजे थेआ फॉन हार्बू. या बाई पुढे बेळगावजवळच्या बेळगुंदी गावच्या एका मराठी माणसाच्या पत्नी झाल्या, ही गोष्ट तर आपल्या सीमाभागातसुद्धा फार थोड्यांना माहीत आहे.

हार्बूबाईंचा जन्म २७ डिसेंबर १८८८ रोजी बव्हेरियातील टाउपरलिट्झ या खेड्यात झाला. घराणे सरदारी, पण सरदारकीचे तेज ओसरलेले. नावामागचा ‘फॉन’ तेवढा शाबूत होता. असे वाडे आपल्याकडे काही कमी नाहीत. वतन गेले तरी दिंडी दरवाजा उभा असतो आणि मुलांच्या शिक्षणात मात्र हात आखडता घेतला जात नाही. या मुलीलाही खाजगी शिक्षक ठेवले गेले, ख्रिस्ती जोगिणींच्या मठात तिचे शिक्षण झाले, भाषा आल्या, पियानो आणि व्हायोलिन आले. लेखणी तर लहानपणीच हाती आली होती. तरीही तिने प्रथम पत्करली ती रंगभूमी. १९०६ साली ड्यूसेलडॉर्फ येथे ती नटी म्हणून उभी राहिली. त्याच सुमारास आपल्याकडे बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत नुकतेच दाखल झाले होते आणि घरंदाज स्त्रीने नाटकात जाणे ही कल्पनाही कोणी करू धजत नव्हते. पुढे वायमार, केम्निट्स, आखेन अशी गावे करीत ही नटी फिरली. आखेनला रुडॉल्फ क्लाइन-रोग्गे नावाचा तीक्ष्ण डोळ्यांचा नट तिला भेटला, आणि १९१४ साली, महायुद्धाच्या तोंडावर, दोघांचा विवाह झाला.

या काळातल्या तिच्या लेखनाकडे थोडे पाहिले पाहिजे, कारण पुढच्या गोष्टींची मुळे तिथे आहेत. १९१३ साली तिचा युद्ध आणि स्त्रिया या विषयावरचा कथासंग्रह निघाला. त्यात जर्मन भूमी, जर्मन त्याग, जर्मन आईचे धैर्य यांची मोठी भक्ती आहे. ही राष्ट्रभक्ती त्या काळच्या कोणाही सुशिक्षित जर्मन घरात सापडली असती, तेव्हा तिला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु ती भक्ती होती, आणि पुढे वीस वर्षांनी ती कोणाच्या उपयोगी पडली हे आपण पाहणारच आहोत.

१९१८ साली तिची ‘दास इंडिशे ग्राबमाल’, म्हणजे भारतीय समाधी, ही कादंबरी प्रसिद्ध झाली. भारत तिने पाहिलेला नव्हता. तरी कथा अशी रचली, की एक हिंदी राजा युरोपातून एका नामांकित स्थपतीला बोलावून घेतो आणि आपल्या प्रियेसाठी अपूर्व अशी समाधी बांधावयास सांगतो. स्थपती येऊन पाहतो तो प्रिया अद्याप जिवंतच आहे; मेले आहे ते राजाचे प्रेम. बीदरच्या माणसाला ही कल्पना अगदीच परकी वाटणार नाही. आपल्या अली बरीदाने स्वतःची कबर मरणापूर्वी तीन वर्षे, १५७७ साली, बांधवून ठेवली होती, आणि ती चारी बाजूंनी उघडी, रंगीत फरशांवर फारसी अक्षरे मिरविणारी इमारत आजही उभी आहे. अर्थात बाईंच्या राज्यात फकीर, वाघ, सापांचे खड्डे असा सगळा बाजारू हिंदुस्थान आहे. ते सोडून द्यावे. लक्षात ठेवण्याजोगे एवढेच, की ही बाई न पाहिलेले जग अशा तपशिलाने उभे करी की वाचणाऱ्याला तिथली हवा लागावी. पुढे तिने न आलेला काळ रचला तो याच हातोटीने.

या कादंबरीनेच तिची आणि फ्रिट्झ लांग यांची गाठ घातली. निर्माते जो माय यांनी दोघांना तिची पटकथा करावयास सांगितले. लांग यांची फार इच्छा होती की चित्रपट आपण करावा. पण पटकथा तयार झाल्यावर माय यांनी तो स्वतःच दिग्दर्शित केला आणि १९२१ साली दोन भागांत पडद्यावर आणला. लांग यांच्या मनातली ती सल शेवटपर्यंत गेली नाही. लेखिका आणि दिग्दर्शक मात्र एकत्र आले. तिचा घटस्फोट झाला, १९२२ साली लांग यांच्याशी विवाह झाला, आणि १९२० ते १९३३ या काळात लांग यांचा जवळजवळ प्रत्येक चित्रपट तिच्या लेखणीतून उतरला. ‘डॉक्टर माबुझे’, ‘नीबेलुंगेन’, ‘एम्’ ही नावे चित्रपटाच्या कोणत्याही इतिहासात पहिल्या पानांवर सापडतात. मुर्नाउ आणि ड्रायर या थोर दिग्दर्शकांसाठीही तिने लिहिले. नवलाची गोष्ट ही, की पहिला नवरा क्लाइन-रोग्गे दुसऱ्या नवऱ्याच्या चित्रपटांतून बिनतक्रार कामे करीत राहिला. ‘मेट्रोपोलिस’मध्ये त्याने जो शास्त्रज्ञ रंगविला आहे, त्याची प्रिया नगरीच्या मालकाशी लग्न करून गेलेली असते आणि तिच्याच आठवणीने तो यंत्राची स्त्री घडवितो. हे लिहिताना बाईंच्या मनात काय असेल, आणि ते करताना त्या नटाच्या मनात काय असेल, याचा तर्क वाचकांनीच करावा.

आता त्या यंत्रनगरीकडे वळू. ‘मेट्रोपोलिस’ची गोष्ट थोडक्यात अशी: वर गगनाला भिडलेले मनोरे, त्यांच्यामधून उंचावरून गेलेले रस्ते, पुलांवरून धावणाऱ्या आगगाड्या, इमारतींच्या मधून उडणारी विमाने, आणि धनिकांच्या बागा. खाली, जमिनीच्या पोटात, यंत्रांची घरे. आणि त्यांच्याही खाली मजुरांची वस्ती. पाळी बदलते तेव्हा मान खाली घातलेल्या मजुरांच्या रांगा एका पावलाने आत जातात आणि तशाच रांगा बाहेर येतात. ज्यांनी गुलबर्ग्याच्या महबूब शाही गिरणीचा भोंगा लहानपणी ऐकला आहे, आणि भोंग्यानंतर फाटकातून बाहेर पडणारी ती थकलेली रांग पाहिली आहे, त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. नगरीच्या मालकाचा मुलगा खाली उतरतो, मजुरांची दशा पाहतो, त्यांना धीर देणाऱ्या मारिया नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो. मालक त्या शास्त्रज्ञाकडून यंत्राच्या स्त्रीला मारियेचे रूप देववितो आणि मजुरांत फूट पाडण्यासाठी तिला सोडतो. मजूर खवळून यंत्रे फोडतात, पाणी त्यांच्याच वस्तीत शिरते, मुले बुडायची वेळ येते. शेवटी मालकाचा मेंदू आणि मजुराचा हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी केली पाहिजे, असा तोडगा निघून गोष्ट संपते.

हा तोडगा फारच गोड आहे, आणि तेव्हाही अनेकांना तो पटला नाही. खुद्द लांग यांनी उत्तरकाळी तो भाबडा असल्याचे बोलून दाखविले. परंतु तोडगा बाजूला ठेवून यंत्रांकडे पाहिले तर बाईंच्या कल्पनेची धाव आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. पडद्यात चेहरा दाखविणारा टेलिफोन जर्मन टपाल खात्याने १९३६ साली बर्लिन आणि लाइपझिग या शहरांमध्ये खरोखरीच सुरू केला; म्हणजे चित्रपटानंतर नऊच वर्षांनी. ‘रोबो’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या नाटकातून नुकताच जगात आला होता. पण धातूच्या कायेची, चालणारी, माणसाचे सोंग घेणारी यंत्रस्त्री लोकांनी प्रथम डोळ्यांनी पाहिली ती इथे. ब्रिगिटे हेल्म ही कोवळ्या वयाची नटी त्या जड सोंगात तासन्‌तास कोंडली जाई. शिल्पकार शुल्त्झे-मिटेनडॉर्फ यांनी ते सोंग धातूचे नव्हे, तर लाकडाच्या लगद्यासारख्या पदार्थाचे करून त्यावर रुपेरी रंग दिला होता. उंच मनोरेही खरे नव्हते. ओयगेन शुफ्टान यांनी आरशाची अशी युक्ती काढली की लहान प्रतिकृती आणि खरी माणसे एकाच चित्रात बेमालूम मिसळावीत.

चुकले ते काय? बाईंच्या नगरीत यंत्र जेवढे मोठे तेवढी माणसे अधिक. एक मजूर घड्याळासारख्या चकतीचे काटे दोन्ही हातांनी धरून दहा तास झगडतो. काटा सुटला की अनर्थ. माणसावाचून चालणारे यंत्र तिला सुचलेच नाही. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९२७ साली या चित्रपटावर कडाडून टीका केली तिचा रोख नेमका हा होता: यंत्र वाढले की कष्टाचे गाडे ओढणारी गर्दी उरत नाही, यंत्रच तिची जागा घेते. गुलबर्ग्यापुरते पाहिले तर वेल्ससाहेबांचे म्हणणे खोटे म्हणता येणार नाही. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, आणि ती रांग पांगली. पण वेल्ससाहेबांनाही एक गोष्ट दिसली नव्हती. तिच्याकडे पुढे येऊ.

चित्रपटाचे चित्रण मे १९२५ पासून ऑक्टोबर १९२६ पर्यंत चालले आणि खर्च पन्नास लाख मार्कांच्या वर गेला. त्याच १९२५ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटर ‘सावकारी पाश’ हा जमीनदोस्त झालेल्या शेतकऱ्याचा चित्रपट लोकांपुढे मांडीत होते. दोन्हीकडे विषय पिळल्या जाणाऱ्या माणसाचाच. १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये ‘मेट्रोपोलिस’ प्रथम दाखविला गेला, धंद्यात सपशेल आपटला, उफा कंपनी कर्जात बुडाली आणि आल्फ्रेड हुगेनबेर्ग या उजव्या विचारांच्या वृत्तपत्रमालकाच्या हाती गेली. अमेरिकनांनी चित्रपटाला मोठी कात्री लावली. शास्त्रज्ञाच्या हरवलेल्या प्रियेचे नाव ‘हेल’ होते, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ नरक होतो म्हणून ती उपकथाच गेली. गोष्टीचा प्राण असलेला धागा तुटल्याने पुढे अनेक वर्षे लोकांना चित्रपट देखणा पण कथा विसविशीत वाटे, आणि तो ठपका लेखिकेवर येई. २००८ साली दक्षिण अमेरिकेत ब्वेनोस आइरेसच्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ संपूर्ण प्रत सापडली. २०१० साली ती बर्लिनमध्ये दाखविली गेली, तेव्हा बाईंना जाऊन छप्पन्न वर्षे होत आली होती.

‘मेट्रोपोलिस’चे भविष्य स्वप्नासारखे होते, दुसरे भविष्य तिने गणित मांडून लिहिले. ‘फ्राउ इम् मोंड’, म्हणजे चंद्रावरची स्त्री, हा चित्रपट १५ ऑक्टोबर १९२९ रोजी लागला. भा. रा. भागवतांच्या मराठीतून ज्यांनी ज्यूल व्हर्नची ‘चंद्रावर स्वारी’ लहानपणी वाचली असेल त्यांना आठवत असेल, की व्हर्नसाहेबांनी प्रवाशांना तोफेतून उडविले होते. तसे झाले असते तर प्रवाशांचे पहिल्या क्षणीच पीठ झाले असते. बाईंनी तोफ टाकून अग्निबाण घेतला. हेर्मान ओबेर्ट या शास्त्रज्ञाने १९२३ साली अग्निबाणाने ग्रहमालेत जाण्याविषयी पुस्तक लिहिले होते; उफाने त्यालाच सल्लागार नेमले. त्यामुळे चित्रपटात जे दिसते ते पाहून आजचा माणूस थक्क होतो. अग्निबाण उंच शेडमध्ये उभा जोडला जातो आणि रुळांवरून सावकाश बाहेर येतो. त्याचे टप्पे आहेत आणि जळून गेलेला टप्पा गळून पडतो. वेग वाढताना छातीवर येणारा भार सोसावा म्हणून प्रवासी आडवे निजतात. वजन नाहीसे झाल्यावर पाय अडकविण्यासाठी जमिनीला पट्टे आहेत. आणि सर्वांत नवल म्हणजे उड्डाणापूर्वी आकडे उलटे मोजले जातात. मुक्या चित्रपटात उत्कंठा वाढवायची कशी, या नाटकी गरजेपोटी ही युक्ती निघाली असे सांगतात. श्रीहरिकोट्याहून यान सुटताना आपण घरोघरी श्वास रोखून जे उलटे आकडे ऐकतो त्यांचे मूळ त्या मुक्या पाट्यांत आहे.

चंद्राचे ज्ञान मात्र कच्चे. चंद्राच्या पाठीमागल्या बाजूस श्वास घेता येईल अशी हवा आणि डोंगरांत सोने, अशी त्या काळच्या काही मंडळींची समजूत बाईंनी सोयीसाठी उचलली. पण यानात एक स्त्री आहे, ती खगोलशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि कॅमेरा हाती घेऊन काम करते, हे १९२९ साली लिहायला छाती लागत होती. खऱ्या अवकाशात स्त्री गेली ती १९६३ साली, वालेंतिना तेरेश्कोवा. चित्रपटातल्या यानाचे नाव बाईंनी ‘फ्रीड’ ठेवले होते, म्हणजे शांती.

याच सुमारास बर्लिनमधल्या तिच्या आयुष्यात अयी गणपत तेंडुलकर आले. बेळगुंदीचा हा हुशार तरुण शिक्षणासाठी युरोपात गेला होता, जर्मन भाषेत पत्रकारिता करीत होता, आणि बाईंहून सुमारे सतरा वर्षांनी लहान होता. बर्लिनमध्ये तेव्हा हिंदी माणसे येत-जात होती. उफाशी हिमांशु राय यांचा संबंध होता, आणि १९३३ साली प्रभातचा ‘सैरंध्री’ रंगीत छपाईसाठी जर्मनीलाच गेला. लांग आणि हार्बू यांचा संसार आतून आधीच विरलेला होता. १९३३ च्या एप्रिलमध्ये त्यांचा घटस्फोट झाला. त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला, ‘डॉक्टर माबुझेचे मृत्युपत्र’ या दोघांच्या शेवटच्या चित्रपटावर बंदी पडली, आणि ज्यांची आई ज्यू कुळातली होती ते लांग देश सोडून गेले. बाई राहिल्या.

राहिल्या, आणि गोऱ्या वंशाच्या शुद्धतेचा डांगोरा पिटणाऱ्या त्याच राज्यात त्यांनी एका सावळ्या मराठी माणसाशी विवाह केला. अशा प्रसिद्ध जर्मन स्त्रीला असा विवाह उघडपणे करू दिला गेला नसता, म्हणून तो गुपचूप झाला. बर्लिनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांना बाईंच्या घराचा आधार असे. एका हाताने त्या हे करीत होत्या. दुसऱ्या हाताने नाझी अमलातल्या चित्रसृष्टीसाठी पटकथांमागून पटकथा लिहीत होत्या, आणि पक्षाच्या सभासदही झाल्या होत्या. हिंदी लोकांना मदत करता यावी म्हणून सभासद झाले, असे त्यांनी युद्धानंतर सांगितले. ते अगदी खोटे नसावे. हुकूमत बदलली म्हणून माणसाला घर उचलून नेता येत नाही, हे बीदर-गुलबर्ग्याच्या कुटुंबांना कोणी शिकवायला नको. १९४८ साली निजामी गेली, १९५६ साली शेजारचा मराठवाडा एका राज्यात आणि आपण दुसऱ्यात. माणसे होती तिथेच राहिली. पण राहणे वेगळे आणि सभासद होणे वेगळे. ‘डेअर हेर्शर’ या १९३७ च्या चित्रपटाच्या पटकथेत बाईंचा हात होता, आणि त्यात एक कारखानदार शेवटी आपली सारी मालमत्ता राष्ट्राला अर्पण करतो. मेंदू आणि हात यांच्यामध्ये हृदय हवे असे म्हणणाऱ्या लेखिकेने ती जागा आता पुढाऱ्याला देऊन टाकली होती.

आणि त्याच राज्यात तिची दोन्ही भविष्ये खरी झाली, तीही एकाच जागी. तिच्या चंद्रप्रवासाने भारलेली तरुण पोरे मोठी होऊन सैन्यासाठी अग्निबाण करू लागली होती. १९३० साली ओबेर्टच्या हाताखाली काम केलेला वेर्नर फॉन ब्राउन त्यांचा म्होरक्या होता. गुपित फुटू नये म्हणून सरकारने ‘चंद्रावरची स्त्री’च्या प्रती आणि प्रतिकृती जप्त केल्या. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडे येथून पहिला मोठा अग्निबाण यशस्वीपणे उडाला, ८० किलोमीटरांहून उंच गेला. त्याच्या बुडाशी चंद्रावर बसलेल्या स्त्रीचे चित्र रंगविलेले होते. हाच तो व्ही-२, जो १९४४ च्या सप्टेंबरपासून लंडन आणि अँटवर्पवर कोसळू लागला. बाईंच्या यानाचे नाव शांती होते, हे वर सांगितलेच आहे.

हे अग्निबाण जोडले जात होते ते नॉर्डहाउझेनजवळच्या कोनश्टाइन टेकडीच्या पोटात. १९४३ साली बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने कारखाना जमिनीखाली नेला, आणि कामाला छळछावणीतले कैदी आणले. पहिले कित्येक महिने ते बोगद्यांतच राबत, बोगद्यांतच निजत; उजेड त्यांना दिसत नसे. डोरा नावाच्या या छावणीत आणि तिच्या शाखांत सुमारे ६० हजार कैदी आले, त्यांपैकी सुमारे २० हजार मेले. व्ही-२ पडून जेवढी माणसे मेली त्याहून अधिक तो बनविताना मेली. वर नवे, झळझळीत, गगनाला भिडणारे यंत्र. खाली, जमिनीच्या पोटात, मान खाली घातलेल्या माणसांच्या रांगा. यंत्र वाढले की अशी गर्दी उरणार नाही असे सांगणाऱ्या वेल्ससाहेबांना जे दिसले नव्हते ते हे. बाईंना ते सोळा वर्षे आधी दिसले होते, कागदावर. प्रत्यक्षात घडत होते तेव्हा त्या बर्लिनमध्ये नव्या चित्रपटांचे संवाद लिहीत होत्या.

तेंडुलकर तोपर्यंत भारतात परतले होते. युद्धाच्या तोंडावर ते बेळगावला आले, तिथे त्यांनी ‘वार्ता’ नावाचे मराठी पत्र काढले, आणि युद्धकाळात इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. जर्मनीत राहून आलेला माणूस सरकारच्या डोळ्यांत खुपणारच. बेळगावच्या इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचे मन जुळले. गांधीजींनी या दोघांना बराच काळ थांबविले, कठीण अटी घातल्या, आणि शेवटी १९४५ साली सेवाग्रामला त्यांचा विवाह झाला. बर्लिनच्या पत्नीने त्याला आडकाठी केली नाही. युद्धाने दोन देशांमधली वाट बंद केली होती, आणि बाईंना तेवढे कळत होते. या तिघांची हकीकत पुढे तेंडुलकर दांपत्याची कन्या लक्ष्मी धौल यांनी २०१३ साली इंग्रजी पुस्तकात सविस्तर लिहिली, तेव्हा कुठे बेळगावकडच्या मंडळींतही या नात्याची चर्चा झाली.

बाईंचे पुढचे दिवस हालाचे गेले. १९४५ च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत इंग्रजांनी त्यांना श्टाउम्युलेच्या छावणीत ठेवले. आपण सरकारसाठी केले ते हवाई हल्ल्यांत जखमींची शुश्रूषा, जोडकाम, बहिऱ्यांसाठी यंत्रे जुळविणे एवढेच, असे त्यांचे म्हणणे होते. सुटल्यावर साठीकडे झुकलेली ही सरदार घराण्यातली लेखिका बर्लिनच्या ढिगाऱ्यांतून विटा उपसणाऱ्या बायकांत उभी राहिली. ज्या शहराच्या उंच मनोऱ्यांची तिने स्वप्ने रंगविली, त्याच शहराचा चुरा ती टोपलीत भरीत होती. काही काळाने पुन्हा चित्रपटांचे थोडेफार काम मिळाले, पण तो काळ गेला होता. १९५४ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये त्यांचा आणि लांग यांचा १९२१ सालचा ‘डेअर म्यूडे टोड’, थकलेला मृत्यू, पुन्हा दाखविला गेला. त्याला बाई पाहुण्या म्हणून गेल्या. बाहेर पडताना पाय घसरून पडल्या, खुब्याला मार बसला, आणि १ जुलै १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट राहिली. जो माय यांनी १९२१ साली हातचा काढून घेतलेला चित्रपट लांग यांना मिळाला तो थेट म्हातारपणी. बाईंच्या मृत्यूनंतर चार-पाच वर्षांनी ते पथक घेऊन उदयपूरला आले आणि पिचोला तलावाच्या काठी ‘भारतीय समाधी’ दोन भागांत चित्रित करून १९५९ साली त्यांनी लोकांपुढे ठेवली. सोडून दिलेल्या पत्नीची चाळीस वर्षांपूर्वीची कथा, तीही तिने हा देश न पाहता लिहिलेली. त्या दिवसांत अयी तेंडुलकर याच देशात होते. ते १९७५ पर्यंत हयात होते.